शेन्झेनमध्ये हजार नगांची पहिली बॅच: जाण्याआधी, तिथे असताना आणि माल निघताना

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सचा एखादा सुटा भाग नसला की दुकानदार म्हणतो, "मागवून देतो, आठ दिवस लागतील." चीनमधल्या शेन्झेन शहरात, हुआचियांगबेईच्या बाजारात, तोच माणूस पोऱ्याला बाजूच्या इमारतीत पिटाळतो आणि तुमचा चहा संपायच्या आत माल काउंटरवर येतो. या शहराचा खरा फायदा हा आहे. स्वस्त सर्किट बोर्ड आता घरबसल्या मिळतात. जेएलसीपीसीबीसारख्या कंपन्या पाच बोर्ड काही डॉलरांत बनवून कुरिअरने पाठवतात. तिकीट काढायचं ते जवळपणासाठी: सकाळी चूक सापडली, दुपारी भाग बदलला, संध्याकाळी पुन्हा तपासलं. जिथे असं रोज करायची गरज नाही तिथे विमानाचं भाडं वाया जातं. डिझाइन पक्कं असेल आणि नग शंभराच्या आत असतील तर जाऊ नका.

पुढचं सगळं एका उदाहरणावर बेतलं आहे: द्राक्षबागेत किंवा उसात मातीचा ओलावा मोजून लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओवरून घरापर्यंत पाठवणारं, १८६५० आकाराच्या लिथियम सेलवर चालणारं छोटं यंत्र, १,००० नग.

घरून निघण्याआधी

तारीख ठरवताना आधी चिनी कॅलेंडर बघा. चिनी नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतं. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. सुट्टी कागदावर आठवडाभराची असली तरी कामगार आधीच गावी निघतात, काही परत येतच नाहीत आणि नव्या हातांनी केलेल्या पहिल्या बॅचमध्ये चुका जास्त निघतात. त्या तारखेच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन आठवडे धरूच नका. ऑक्टोबरचा पहिला आठवडाही राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीचा.

व्यवसायासाठी एम व्हिसा लागतो आणि त्याला तिथल्या कंपनीचं निमंत्रणपत्र. म्हणजे किमान एक पुरवठादार आधी गाठून ठेवावाच लागतो. वीचॅट या तिथल्या संदेशांच्या अॅपचं खातं घरीच उघडा, कारण नव्या खात्याला बहुतेक वेळा जुन्या वापरकर्त्याची साक्ष लागते आणि ती परक्या हॉटेलात बसून मिळवणं कटकटीचं. पैसे देण्याच्या अलिपे अॅपमध्ये आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून पासपोर्टची पडताळणी उरकून टाका. गूगल तिथे चालत नाही. आपल्या सिमचं रोमिंग घेतलं तर डेटा आपल्या कंपनीमार्फत जातो आणि जीमेल उघडतं, पण हॉटेलच्या वायफायवर नाही. त्यामुळे सगळ्या फाइली लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर असू द्या. नकाशासाठी गाओडे किंवा बायडू.

आता फाइली. कारखान्याला चार गोष्टी लागतात: गर्बर आणि ड्रिल फाइल (बोर्डाच्या थरांचं चित्र आणि भोकांच्या जागा), भागांची यादी म्हणजे बॉम, प्रत्येक भागाची जागा व दिशा सांगणारी पोझिशन फाइल, आणि पहिली पिन व ध्रुव ठळक दाखवणारं जुळणीचं चित्र. पहिल्या खेपेची निम्मी भांडणं बॉमवरून होतात. तुम्ही "१०० नॅनोफॅरड, ०६०३" एवढंच, म्हणजे क्षमता आणि आकार, लिहिलं तर खरेदीवाला सर्वांत स्वस्त कपॅसिटर आणणार आणि तो वाय५व्ही जातीचा असू शकतो. उन्हात तापला किंवा त्यावर व्होल्टेज चढलं की त्याची क्षमता निम्म्याहून खाली येते, मग बोर्ड टेबलावर चालतो आणि बांधावर रीसेट होत राहतो. दोष कारखान्याचा नाही, त्याला सांगितलंच नव्हतं. म्हणून ओळ पूर्ण लिहा: १०० नॅनोफॅरड, ५० व्होल्ट, एक्स७आर, ±१० टक्के, ०६०३, उत्पादकाचा पूर्ण क्रमांक आणि शेजारी तुम्हाला चालणारा एक पर्याय. पर्याय लिहिला नाही तर तो कारखानाच निवडतो आणि तुम्हाला कळवेलच असं नाही.

बोर्ड नेहमीचाच ठेवा: एफआर४, १.६ मिमी जाडी, ३५ मायक्रॉन तांबं. मशीनला पकडायला पॅनेलच्या, म्हणजे एकत्र छापलेल्या बोर्डांच्या तावाच्या, दोन बाजूंना ५ मिमीची पट्टी आणि कॅमेऱ्याला खूण म्हणून १ मिमी व्यासाचे तीन फिड्यूशियल. टेस्ट पॅड, म्हणजे चाचणीसाठी उघडे ठेवलेले तांब्याचे ठिपके, सगळे एकाच बाजूला, एकमेकांपासून २.५४ मिमीवर. याचं कारण पुढे येईल.

हुआचियांगबेई

हा भाग फुतियेन जिल्ह्यात आहे. मेट्रोच्या २ आणि ७ क्रमांकाच्या मार्गांवर हुआचियांगबेई स्टेशन, १ क्रमांकाच्या मार्गावर हुआचियांग लू. १९८० मध्ये शेन्झेनला विशेष आर्थिक क्षेत्र केल्यावर इथे शांगबू नावाची औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८८ मध्ये सेग कंपनीचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार सुरू झाला आणि कारखाने जमिनीच्या भावामुळे हळूहळू बाहेर सरकले, काउंटर तेवढे उरले. सेग प्लाझाची इमारत तीच, जी मे २०२१ मध्ये हलायला लागली म्हणून रिकामी करावी लागली होती. वरचा डोलखांब काढल्यावर ती पुन्हा उघडली. मोबाइलच्या काही इमारतींत आता सौंदर्यप्रसाधनं विकली जातात, तेव्हा जुन्या व्हिडिओंवर विसंबून जाऊ नका.

सकाळी दहाच्या आत जाण्यात अर्थ नाही आणि सहानंतर पेट्या बांधायची घाई असते. काउंटर मीटर-दीड मीटरचे. त्यावर दिसतो तो माल नमुना असतो, खरा साठा गोदामात किंवा शेन्झेनच्याच बाओआन जिल्ह्यातल्या कारखान्यात. म्हणून "किती आहेत?" हा प्रश्न कामाचा नाही. भागाचा क्रमांक कागदावर छापून न्या, बोटाने दाखवा आणि विचारा ते भाव, किमान नग आणि "च्याओछी", म्हणजे माल कधी देणार. शिवाय भाव "हानश्वेइ", म्हणजे करासकट आहे का हे विचारा. व्हॅट १३ टक्के असतो आणि बिल, तिथल्या भाषेत "फापियाओ", हवं म्हटलं की तो भावात चढतो.

आयसी, म्हणजे चिप, घेताना तीन शब्द कानात ठेवा. "युआनच्वांग" म्हणजे मूळ उत्पादकाचा, बंद पाकिटातला. "सानशिन" म्हणजे शब्दशः सुटा-नवा. व्यवहारात तो बरेचदा घासूनपुसून, पाय सरळ करून पुन्हा टेपमध्ये भरलेला असतो. "छाइची" म्हणजे जुन्या बोर्डावरून उपटलेला. दुकानदार बहुधा खोटं बोलत नाही, विचारलं तर सांगतो. पण विचारावं लागतं, आणि भाव बाजारापेक्षा निम्मा ऐकू आला की उत्तर आधीच मिळालेलं असतं.

तपासायचं कसं? १० पट भिंगाखाली पृष्ठभाग बघा: घासून पुन्हा काळा थर दिला असेल तर कडेला पोत बदलतो आणि पहिल्या पिनचा खळगा अर्धवट भरलेला दिसतो. कापसावर ॲसिटोन घेऊन अक्षरं पुसा. मूळ लेसरची खूण टिकते, वरून छापलेली शाई काळी होऊन कापसावर येते. एकाच रीळमध्ये दोन वेगळे डेट कोड (चिपवर छापलेली बनवल्याची तारीख) निघाले तर रीळ परत करा. यूएसबी-सीरियल चिप घेत असाल तर विशेष जपून: ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला आणि ज्यांना आपण नकली घेतलंय हे ठाऊकही नव्हतं अशांची यंत्रं बंद पडली. नाजूक आणि महाग चिपा बाजारातून न घेता एलसीएससीसारख्या वितरकाकडून मागवून थेट कारखान्याच्या पत्त्यावर पाठवणं बरं. बाजारातून घ्यायचे ते कनेक्टर, वायर, अँटेना, बटणं, डबे.

आपल्या उदाहरणात तीन सापळे आहेत.

पहिला, मातीत खुपसायची ती काळी कपॅसिटिव्ह पट्टी, जिच्यावर "व्ही१.२" असं छापलेलं असतं. दिसायला सगळ्या सारख्या. खरेदीपूर्वी तिची आठ पायांची चिप वाचा. टीएलसी५५५ असेल तर ३.३ व्होल्टवर चालेल. एनई५५५ असेल तर तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात आणि तुमच्या सेलवर ती वेडेवाकडे आकडे देणार. काही खेपांत व्होल्टेज रेग्युलेटर बसवलेलाच नसतो. काहींत १ मेगाओहमच्या रेझिस्टरचं एक टोक ग्राउंडला जोडलेलं नसतं, मग ओलावा बदलला तरी आकडा सरकायला मिनिट-मिनिट लागतं. मल्टिमीटर बरोबर ठेवा: आउटपुट पिन ते ग्राउंड साधारण १ मेगाओहम दिसायला हवा. आणि पट्टीच्या कापलेल्या कडांवर लेप नसतो. त्या उघड्या काचतंतूतून पाणी आत शिरतं. कडांना इपॉक्सी लावल्याशिवाय ही पट्टी एक पावसाळाही काढत नाही. हजार नगांसाठी पट्टी आपल्याच बोर्डाबरोबर बनवून घेणं केव्हाही शहाणपणाचं.

दुसरा, लोरा मोड्यूल. काउंटरवर पडलेले बहुतेक ४३३ किंवा ४७० मेगाहर्ट्झचे असतात, कारण चीनमध्ये ४७० ते ५१० हा पट्टा वापरतात. भारतात विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा. "सॉफ्टवेअरने बदलता येतं" असं सांगतील. चिपमध्ये बदलतंही. पण मोड्यूलवरचे कॉइल-कपॅसिटर ज्या पट्ट्यासाठी जुळवले आहेत तो बदलत नाही आणि किलोमीटरभर जाणारा सिग्नल गोठ्यापर्यंतही पोचत नाही. ८६८ लिहिलेलं मोड्यूल आणि ८६८ चीच अँटेना घ्या. अँटेना घेताना कनेक्टर साधा एसएमए की उलटा आरपी-एसएमए हेही बघा; दोन्ही एकमेकांवर बिनबोभाट आवळले जातात, फक्त मधली पिन कुठेच टेकत नाही.

तिसरा, सेल. १८६५० च्या अंगावर ९,९०० मिलिअँपिअर-तास लिहिलेलं असेल तर तिथेच ठेवा. या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये २,५०० ते ३,५०० मावतात आणि वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं. खिशातला वजनकाटा इथे दहा सेकंदांत निकाल देतो. पण सेल मुळात चीनमधून आणावेच का, ते शेवटी.

जुळणीचा कारखाना

बोर्डावर भाग बसवणारे लहान-मध्यम कारखाने बहुतेक बाओआन आणि लोंगह्वा भागांत आहेत. भेटीआधी व्यवसाय परवान्याचा फोटो मागवा. त्यावर १८ अक्षर-अंकी नोंदणी क्रमांक असतो. तो थिएनयान्छा किंवा छीछाछा या अॅपवर टाकला की मालक, भांडवल, स्थापनेचं वर्ष आणि कोर्टातली प्रकरणं दिसतात. "व्यवसायाची व्याप्ती" या रकान्यात उत्पादन नसून फक्त विक्री असेल तर समोरचा दलाल आहे. दलाल वाईट नसतो, भाषेची अडचण तोच सोडवतो. पण बिघाड झाला तर तुम्ही ज्याच्याशी बोलताय त्याच्या हातात मशीन नाही, हे माहीत असावं.

आत गेल्यावर स्वागतकक्ष बघू नका. सोल्डर पेस्टचा फ्रिज बघा. डब्यांवर उघडल्याची तारीख लिहिली आहे का? आर्द्रतेने बिघडणारे भाग कोरड्या कपाटात आहेत का? एमएसएल ३ वर्गातलं (एमएसएल म्हणजे भाग ओलाव्याला किती नाजूक आहे त्याची पातळी) मोड्यूल पाकीट फोडल्यावर १६८ तासांत भट्टीतून जायला हवं. पावसाळी दमट हवेत ते उघडं पडलं तर आत पाणी शोषतं आणि भट्टीत वाफ होऊन लाहीसारखं फुटतं. बाहेरून कधीकधी दिसतही नाही. उघड्या पडलेल्या भागांना आधी भाजून कोरडं करावं लागतं, आणि १२५ अंशांवर प्लास्टिकचं रीळ टिकत नाही म्हणून ट्रेमध्ये काढून. हे काम टाळायला पाकीट उशिरा फोडणं सोपं.

शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांना वितळतं. भट्टीचं कमाल तापमान बोर्डावर २४० ते २४५ अंश आणि २१७ च्या वर साधारण मिनिटभर, एवढा आलेख मागून घ्या. आलेख दुसऱ्याच बोर्डाचा दाखवला तर तुमच्या बोर्डाला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, लावून नवा काढायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे. छोटे रेझिस्टर एका टोकावर उभे राहिले असतील तर आधी आपलंच डिझाइन तपासा: एक पॅड बारीक ट्रॅकला आणि दुसरा थेट ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेला असतो. मोठं तांबं उष्णता ओढतं, त्या बाजूचं सोल्डर उशिरा वितळतं आणि आधी वितळलेलं टोक भागाला उभं करतं. थर्मल रिलीफ दिला, म्हणजे पॅड मोठ्या तांब्याला बारीक पट्ट्यांनीच जोडला, की प्रश्न मिटतो.

भाग किती द्यायचे? ०६०३ चे रेझिस्टर ५,००० च्या रीळमध्ये येतात, तेव्हा रीळच द्या. टेपचे तुकडे दिले तर फीडरमध्ये अडकवतानाच काही डझन जातात. महागड्या चिपांचे १,००० ऐवजी १,००५ ते १,०१० द्या आणि उरलेले परत मिळतील असं लिहून घ्या.

आधी पाच बोर्डांचा नमुना, ज्याला तिथे "दायांग" म्हणतात. मग मुख्य बॅच सुरू करताना पहिला बोर्ड निघाला की लाइन थांबवायची आणि तो तपासायचा: "शौच्येन". शब्द ऐकून हसू येईल, पण या एका थांब्यावर हजार उलट्या डायोडांचा अनर्थ टळतो, तेव्हा त्या दिवशी स्वतः हजर राहा. पास झालेल्या नमुन्यांपैकी तीनांवर सही करून पिशव्या सीलबंद करा. एक कारखान्याकडे, एक तपासनीसाकडे, एक तुमच्याकडे.

चाचणीची जिग, म्हणजे बोर्ड बसवून तपासायचा साचा, घरून बनवून न्या. टेस्ट पॅड एका बाजूला ठेवायला सांगितले ते याचसाठी: स्प्रिंगच्या पोगो पिनांवर बोर्ड दाबला की प्रोग्राम भरला जातो, झोपेतला करंट मोजला जातो, रेडिओवरून डेटाचं एक पाकीट जातं आणि हिरवा किंवा लाल दिवा लागतो. स्क्रीनवर इंग्रजी वाक्यं नकोत. नगामागे वीस-पंचवीस सेकंदांवर गेलं की कामगार चाचणी टाळायला लागतात. लोराच्या किल्ल्या, म्हणजे प्रत्येक नगाचे गुप्त संकेतांक, हजारांची यादी करून द्या, मूळ गुपित किल्ली कारखान्यात ठेवू नका, आणि रोज संध्याकाळी लॉगमध्ये एकच क्रमांक दोनदा आलाय का ते बघा. प्रोग्रामिंगचा संगणक मध्येच रीस्टार्ट झाला की हे हमखास होतं.

डब्यासाठी नवा साचा पाडू नका. बाजारात "गोंगमो" म्हणजे सर्वांसाठी खुले साचे असतात. त्यातला आयपी६५, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे रोखणारा, डबा घ्या आणि केबलची भोकं सीएनसीवर मारून घ्या. साध्या एबीएस प्लास्टिकला आपलं ऊन सोसत नाही, पिवळा पडून तडकतो. एएसए किंवा अतिनील-रोधक पॉलिकार्बोनेट मागा, आणि आत दव साचू नये म्हणून हवा जाऊ देणारी पण पाणी न शिरू देणारी पडद्याची बूच बसवा. साचा अगदी लागलाच तर शेजारच्या दोंग्वानमधलं छांगआन हे त्याचं गाव आहे. करारात पोलादाची जात, कॅव्हिटी (एका वेळी किती डबे निघतात), किती शॉटची (किती वेळा ओतण्याची) हमी आणि साचा तुमच्या मालकीचा, एवढं लिहून घ्या.

पैसे, कागद आणि तपासणी

३० टक्के आगाऊ, ७० टक्के तपासणीनंतर पण माल निघण्याआधी, हा नेहमीचा रिवाज. बँक खात्याचं नाव परवान्यावरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. व्यक्तीच्या नावावर पैसे नाहीत. "आमचं खातं बदललंय" अशी ईमेल आली तर तोंडओळख असलेल्या माणसाला व्हिडिओ कॉल करा. ईमेल हॅक करून असे पैसे पळवणं हा जुना धंदा आहे. करार चिनी भाषेत, तिथल्या कोर्टाच्या अधिकारक्षेत्रात आणि कंपनीच्या गोल लाल शिक्क्यासह असावा. सहीपेक्षा शिक्का मोठा. इंग्रजी करारावर पुण्याचं न्यायक्षेत्र लिहून आणलं तर तो फाइलला लावण्यापलीकडे उपयोगाचा नाही.

१,००० नगांच्या खेपेत नमुना तपासणीच्या प्रमाण तक्त्यातल्या सर्वसाधारण पातळी २ नुसार ८० नग यादृच्छिक काढतात. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायच्या दोषांची मर्यादा, २.५ ठरवलं असेल तर पाच दोषी चालतात, सहावा निघाला की खेप नामंजूर. एक्यूएल १.० ला दोन चालतात, तिसरा नाही. पण "मोठा दोष" म्हणजे काय हे फोटोसह आधी लिहून दिलेलं नसेल तर हे आकडे निरर्थक. आणि नग तुम्ही निवडा, खोक्यांच्या तळातले सुद्धा.

भारतात आणताना

आयातीसाठी डीजीएफटी या परदेश व्यापार खात्याचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक लागतो. रेडिओ असल्यामुळे डब्ल्यूपीसी या सरकारच्या वायरलेस विभागाची ईटीए मान्यता लागते; ती सरल संचार पोर्टलवर, प्रयोगशाळेच्या अहवालासह. माल बंदरात आल्यावर धावाधाव केली तर गोदामभाडं यंत्रांइतकं होतं, म्हणून नमुना बोर्डावरच चाचणी करून अर्ज आधी टाका. आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, बहुतेक अशा मालावर १८ टक्के, आणि तो किमतीवर नव्हे, किंमत अधिक सीमाशुल्क यांच्या बेरजेवर. जीएसटी नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, मूळ सीमाशुल्काचं नाही.

सेल मात्र आणू नका. लिथियम सेलला बीआयएसची सक्तीची नोंदणी लागते, आयएस १६०४६ खाली, आणि ती ठरावीक पत्त्यावरच्या कारखान्याला मिळते. काउंटरवरून घेतलेल्या सेलला ती असण्याचा संभव नाही. विमानाने पाठवायचे तर यूएन ३८.३ या सुरक्षा चाचणीचा अहवाल वेगळा. यंत्रं रिकाम्या होल्डरसह आणा आणि नोंदणीकृत सेल इथे विकत घेऊन बसवा. भरताना ध्रुव उलटा लागला तरी बोर्ड जळू नये म्हणून डिझाइनमध्येच उलटा करंट अडवणारा एक मॉसफेट (ट्रान्झिस्टरचा प्रकार) घालून ठेवा.

आणि १,००० ऐवजी १,०३० नग सांगा, भागही त्याच हिशेबाने द्या. वॉरंटीतला बिघडलेला बोर्ड चीनला परत पाठवण्याचा खर्च आणि कागदपत्रं नव्या बोर्डापेक्षा महाग पडतात, तेव्हा बदली नग कपाटातच हवेत.